साच्यातलं नाक

मधूदादा गेल्याचं मला कचेरीत कळलं. सकाळची डाक उघडून टेबलावर लावत होते, तेवढ्यात शिपाई आला आणि म्हणाला, "बाई, इस्पितळातून फोन आहे, लवकर चला." फोनवर वहिनी होती. रडत नव्हती. "मालूताई, गेले हो," एवढंच बोलली, आणि लगेच म्हणाली, "शेडची किल्ली तुमच्याकडंच आहे ना?" आदल्या संध्याकाळीच मी त्याला भेटून आले होते. कावीळ अंगभर उतरलेली, डोळे हळदीसारखे, पोट फुगलेलं. आवाज तेवढा होता तसाच होता, वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाच्या खाटेवरचा माणूस दचकून बघेल असा. मला पाहिल्यावर त्यानं तब्येतीचं काही सांगितलं नाही. विचारलं, "साच्यातलं नाक काढलंस का?" मी म्हटलं, नाही. "काढू नको. तू घाई करशील, कडा उचकटशील. मी आलो की काढतो." नाक म्हणजे विमानाचं नाक. खऱ्या विमानाची हुबेहूब लहान प्रतिकृती करतात, तिच्या इंजिनावर बसणारं फायबरग्लासचं गोल झाकण. आजारी पडायच्या आदल्या दिवशी त्यानं ते साच्यात भरून ठेवलं होतं. चाळिशी नुकतीच ओलांडलेल्या माणसाचं माझ्याशी झालेलं शेवटचं बोलणं हे असं. मला त्यात काही कमी वाटत नाही.

हा लेख मी दुःखानं लिहीत नाही. दुःख घरात आहे, ते घरातच बरं. मी रागानं लिहिते आहे, आणि वाचकांनी तो राग आहे असंच समजावं. जलदान विधी झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि मग छोटी विमानं उडवणाऱ्या शहरातल्या हौशी लोकांच्या मंडळानं दादासाठी शोकसभा ठेवली. मंडळाचं नाव लिहीत नाही, माणसांचीही लिहीत नाही. ज्यांची आहेत त्यांना ओळख पटेल. मला आणि वहिनीला पहिल्या रांगेत बसवलं. अध्यक्ष बोलायला उभे राहिले. ते म्हणाले, मधुकरराव निगर्वी होते, अबोल होते, पडद्यामागं राहण्यातच त्यांना समाधान होतं. म्हणाले, शेवटपर्यंत त्यांनी मंडळाची निरपेक्ष सेवा केली. आणि मग आवाज जड करून म्हणाले, "एकदा आम्ही विमान त्यांच्या हाती दिलं. त्यांनी ते उडवलं. त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं... कलावंताला यापेक्षा मोठा सन्मान कोणता?" लोकांनी माना हलवल्या. मागून कुणीतरी "वा" म्हटलं. वहिनीनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. पुढच्याच आठवड्यात हेच सगळं, डोळ्यांतल्या पाण्यासकट, याच पुरवणीत छापून आलं. म्हणून मलाही याच पुरवणीत लिहायचं आहे. मेलेला माणूस उलट बोलू शकत नाही. पण त्याला बहीण असते.

आम्ही नाशिकरोडच्या कॉलनीतले. वडील मालधक्क्यावर हमाली करत. आई निफाडकडच्या खेड्यातली, शहरात आयुष्य गेलं तरी बोलणं तिचं गावचंच राहिलं. मी बी.ए. झाले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, हे मी अभिमानानं सांगते आणि कुणाला ते बढाईसारखं वाटलं तर पुन्हा सांगते. माझं कॉलेज दादाच्या पगारावर झालं. तो स्वतः मॅट्रिकला इंग्रजीत गेला, पुन्हा बसला नाही, सातपूरला फायबरच्या कारखान्यात लागला. पाण्याच्या टाक्या, बसच्या खुर्च्या, कूलरची खोकी. अंगात काचेची कुसळं भरून घरी यायचा आणि आधी गार पाण्यानं अंघोळ करायचा. गरम पाण्यानं कुसळं आत जातात म्हणे. पण निगर्वी? अहो, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या कॉलनीत असा एक माणूस नव्हता ज्याला दादानं ऐकवलं नव्हतं, "माझ्यासारखा साचा अख्ख्या नाशकात कुणी काढून दाखवावा, मी मिशा उतरवतो." मिशा त्याला नव्हत्याच. शेजारचे गायकवाडमामा म्हणायचे, "आधी उगव तरी, मग उतरव." आणि अबोल! पिक्चर बघताना हा बाजूच्या माणसाला पुढची गोष्ट सांगत बसे. आई म्हणायची, "ह्याच्या तोंडाला झाकन करायचं फायबर निघालं का रं अजून?"

विमानाचं वेड कुठून लागलं हे विचारायची आमच्याकडं गरज नाही. ओझरकडून उठलेली लढाऊ विमानं आमच्या पत्र्यांवरून जातात, फळीवरची भांडी नाचतात, बाळं रडतात. दादा ताटावरून उठून अंगणात जायचा. ते एवढंच राहिलं असतं, पण कारखान्याच्या मालकांच्या ओळखीनं एक दिवस मंडळाचे अध्यक्ष आले. परदेशातून आणलेलं त्यांचं विमान उतरताना नाकावर आपटलं होतं. तिकडून दुसरं नाक मागवायचं तर वर्ष जाणार. मालकांनी दादाला बोलावलं, तुकडे पुढ्यात टाकले. दादा म्हणाला, "होईल." घरी येऊन म्हणाला, "मालू, कसं होईल ते मला ठाऊक नाय, पण मी 'होईल' म्हणून बसलोय."

कसं झालं ते मी पाहिलं आहे, कारण निम्मं काम आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये झालं. आधी तुकडे जोडून त्यावरून लाकडाचं भरीव नाक घडवलं, त्यावर पुट्टी, मग पाणी लावून पॉलिश पेपरनं घासणं, पुन्हा पुट्टी, पुन्हा घासणं. शेवटी डोळे मिटून तळहात फिरवायचा. डोळ्याला दिसत नाही तो खड्डा हाताला लागतो, म्हणायचा. मग फरशीचं मेण चोपडून त्यावरून फायबरचा साचा काढायचा, आणि त्या साच्यात आतून रंगाचा थर, काचेचं कापड, वरून ब्रशनं ठोकत ठोकत रेझिन. काचेचं कापड कापण्याचं काम माझं. आईची शिवणाची कात्री त्यात कायमची बोथट झाली, त्यावरून आठवडाभर घरात बोलणी. रेझिनमध्ये कडक करणारं औषध किती घालायचं हे हवा बघून ठरवायचं. पावसाळ्यात ते दिवसेंदिवस चिकट राही, आणि मे महिन्यात एकदा आईच्या स्टीलच्या पेल्यात कालवता कालवता ते तापून धुरावलं आणि ब्रशसकट दगड झालं. तो पेला अजून आहे. ब्रश त्यात उभा आहे. पाहुण्यांना आई दाखवायची, "ही आमच्या मधूची समाधी." आणि पहिला साचा तर फुकटच गेला. नाकाची पुढची कड आत वळलेली असते. दादानं साचा एकसंध केला, आणि मग आतलं नाक बाहेर येईना. थोपटलं, पाणी सोडलं, पाचर मारली. साचाही फुटला, नाकही फुटलं. तो तुकड्यांच्या मधोमध उभा राहून स्वतःला शिव्या घालत होता आणि हसत होता. "गाढवा, घागरीत हात घालून मूठ आवळलीस की रे!" दुसरा साचा दोन भागांत केला. त्यातून पहिलं नाक सुटलं तेव्हा आतून 'टक्' असा बारीक आवाज आला. त्या आवाजासाठी तो जगायचा, असं म्हटलं तर फार होणार नाही. भाग बाहेर निघाला की त्याचं कौतुक करायच्या आधी साच्याला पुन्हा मेण लावायचं, ही त्याची पद्धत. भाग हातात घेऊन बघायला आईलाही तेवढा वेळ थांबावं लागे. "साचा कोरडा ठेवायचा नाय. पुढचं नाक कधी लागेल सांगता येत नाय."

नाक विमानावर असं बसलं की अध्यक्षांनी दोनदा बोट फिरवून सांधा शोधला. मग चाकांवर चढणारी, 'बूट' म्हणतात ती झाकणं आली, पंख अंगाला जुळतात तिथं बसणारे वळणदार तुकडे आले, दुसऱ्या मेंबरांची नाकं आली. त्यांची जीप कॉलनीच्या तोंडाशी थांबे आणि हॉर्न वाजे. आत कुणी येत नसे. चहा विचारला तर "उशीर होतोय." इतक्या वर्षांत त्यांना प्रत्येक वेळी उशीरच होत होता. एकदा अध्यक्ष मला म्हणाले, "तुमच्या लोकांच्या हातातच कला आहे हो." तुमचे लोक म्हणजे कोण, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आम्हा दोघांनाही ते ठाऊक होतं.

दादानं मात्र पहिल्या दिवसापासून एक गोष्ट मोकळेपणानं सांगितली होती. त्याला ते विमान एकदा स्वतः उडवायचं होतं. एकदा. रेडिओची ती पेटी, तिच्या दोन काड्या, हातात धरून आपण बनवलेलं नाक आपल्या बोटांनी आभाळात फिरवायचं. याच्यासाठी तो काम करत होता, दुसऱ्या कशासाठी नाही, आणि त्यानं ते कधी लपवलं नाही. मोठ्यानं मागितलं. दर रविवारी मागितलं. धरणाच्या अलीकडच्या माळावर तो सायकलनं जायचा, विमान उचलून द्यायचा, तेल भरायचा, पंखा फिरवून इंजिन चालू करून द्यायचा. आणि पेटी मागितली की, आज वारा आहे. आज बॅटरी कमी आहे. आज पुतण्याचा सराव आहे. पुढच्या रविवारी बघू, मधुकरराव. ज्या माणसानं दर रविवारी तोंड उघडून मागितलं त्याला तुम्ही पडद्यामागं राहणारा म्हणता? पडदा तुम्ही धरला होता.

मग ऐंशीनंतर एका हिवाळ्यात मुंबईहून बडे पाहुणे मंडळाची उड्डाणं बघायला येणार होते आणि नेमकं त्याच आठवड्यात अध्यक्षांच्या विमानाचं नाक पुन्हा फुटलं. अध्यक्ष स्वतः, हॉर्न न वाजवता, शेडपर्यंत चालत आले. दादा रेझिन ढवळत होता. ढवळता ढवळता म्हणाला, "नाक शनिवारी मिळेल. साचा माझ्याकडंच राहील. आणि रविवारी पाहुण्यांसमोर मी उडवणार."

"ठरलं," अध्यक्ष म्हणाले.

"शब्द?"

"अहो मधुकरराव, शब्द दिला की."

त्या रविवारी आम्ही सगळे गेलो. आईनं ठेवणीतलं पातळ नेसलं, वहिनीनं भाकरी आणि भरताचा डबा बांधला, सातपूरपर्यंत बस आणि पुढं माळावरून चालत. आई वाटेत भेटेल त्याला सांगत होती, "माझ्या पोराचं इमान हाय आज." माळावर खुर्च्या मांडलेल्या होत्या. आम्ही उभे राहिलो, त्याचं काही नाही. अध्यक्षांच्या पुतण्यानं जीपमध्ये बसल्या बसल्या विमान वर चढवलं. नवं नाक उन्हात लाल चमकत होतं. मग अध्यक्षांनी जीपच्या बोनेटवर ठेवलेली एक दुसरी पेटी उचलून दादाच्या हातात दिली. "ही शिकणाऱ्यांसाठीची," ते म्हणाले. "आता विमान तुमच्या ताब्यात. घ्या डावीकडं... हळूच." विमान डावीकडं वळलं. टाळ्या पडल्या. आईनं हात जोडले. "आता उजवीकडं." विमान उजवीकडं. दादाची पाठ आमच्याकडं होती. शर्टाच्या आत त्याचे खांदे वर आले होते, लहानपणी पतंग काटताना यायचे तसे. मला आठवतंय, मी वहिनीला म्हटलं, "बघ, बघ." मग ते खांदे हळूहळू खाली आले.

नंतर त्यानं मला सांगितलं. सगळं सुरळीत चाललं होतं म्हणूनच त्याला गंमत करावीशी वाटली. ते डावीकडं म्हणाले तेव्हा त्यानं मुद्दाम उजवीकडं दाबलं. विमान शहाण्यासारखं डावीकडं गेलं. त्याला वाटलं, आपलंच चुकलं. पुढच्या वेळी पुन्हा उलटं दाबलं. विमानानं पुन्हा अध्यक्षांचंच ऐकलं. मग त्यानं दोन्ही काड्यांवरची बोटं उचलली. विमान गिरक्या घेत राहिलं. त्याच्या हातात बंद पेटी होती. रडणाऱ्या मुलाच्या हातात तुटका फोन देतात ना, "बोल बाबांशी," म्हणून... तशी. आणि खरं विमान जीपमधला पुतण्या उडवत होता.

दादानं पेटी जमिनीवर ठेवली. आपटली नाही. गवतावर नीट ठेवली आणि दोन पावलं बाजूला होऊन हाताची घडी घातली. आणि विमान उडतच राहिलं. डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं, डौलात. पाहुणे विमानाकडं बघत, मग पेटीकडं बघत, मग दुसरीकडं बघत. विमानाच्या घरघरीतही आमच्या आईचा आवाज अगदी स्वच्छ आला. "मधू, तू पेटी खाली ठिवली, तरी ते कसं काय उडतंय रं?"

कुणीतरी हसलं. एक पाहुणे गॉगल पुसू लागले. अध्यक्ष लगबगीनं पुढं आले. "अहो, विमान नाजूक आहे, समजून घ्या. तुमच्या भावना दुखावू नयेत म्हणूनच तर..." दादा म्हणाला, "माझ्या भावना माझ्याजवळ हायत. तुम्ही तुमचं इमान सांभाळा." एरवी अध्यक्षांसमोर माझ्यासारखं नीट बोलणारा माणूस, त्या दिवशी आईच्या बोलीत बोलला. आणि मग त्यानं एक शिवी दिली. ती पुरवणीत छापता येणार नाही. पण मंडळाच्या लेखातला अबोल माणूस तो हाच, आणि त्याचं ते वाक्य माळाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेलं. डोळ्यांत पाणी होतं, हे अध्यक्ष खोटं बोलत नाहीत. होतं. मी पाहिलं. ते कशाचं होतं हे माळावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि इतक्या वर्षांनी त्यातलाच एक माणूस मंचावर उभा राहून त्या पाण्याला सन्मानाचे अश्रू म्हणतो, आणि दुसरे माना हलवतात! फसवणूक एकदा केली ती केली. तिचा हार करून मेलेल्या माणसाच्या फोटोला घालायचा, हे मला सहन होत नाही.

परतीच्या बसमध्ये डबा तसाच मांडीवर होता. सातपूर मागं पडल्यावर आईनं विचारलं, "पेटी मेलेली व्हती का रं?"

"हो."

"मंग खाली कशापायी ठिवली? फेकायची व्हती." आणि तिनं डबा उघडला आणि चालत्या बसमध्ये आम्हाला भाकरी वाढली. म्हणाली, उपाशी राहून राग टिकत नाही.

दादाचा टिकला. पुढचे महिने तो शेडमध्ये स्वतःचं विमान करत होता. रेडिओचं नाही, दोरीचं. दोन बारीक तारांच्या टोकाला विमान, दुसऱ्या टोकाला हातात मूठ. उडवणारा मधोमध उभा राहून स्वतःभोवती फिरतो आणि मनगटाच्या हालचालीनं विमान वर-खाली करतो. जुनं इंजिन भद्रकालीच्या बाजारात मिळालं. "दोरीला बॅटरी लागत नाय," दादा म्हणायचा, "आणि दोरी हातात हाय का नाय, ते हाताला कळतं." सगळं अंग फायबरचं केलं, त्याच साच्यातलं नाक लावलं. फायबरवर एवढा जीव की थरावर थर दिले, आणि विमान असं जड झालं की विहारापुढच्या मैदानात ते नुसतं गोल गोल पळत राहिलं, घाण्याच्या बैलासारखं. गायकवाडमामा ओरडले, "मधू, मागं औत जोड, निदान मैदान तरी नांगरून निघेल!" दादाही हसला, आणि दुसऱ्या दिवशी ते विमान करवतीनं कापलं. पुढच्या खेपेला एकच पदर कापड दिलं, साच्यातून काढल्यावर ऊन आरपार दिसेल इतकं पातळ. आणि ते उठलं. अख्खी कॉलनी कडेनं उभी, मधे आमचा दादा गरगरा फिरतोय, आणि ते लाल नाकाचं विमान डोक्यांवरून घोंगावत जातंय. कुणी त्याला डावीकडं घ्या, उजवीकडं घ्या म्हणत नव्हतं. तो खाली उतरवून थांबला तेव्हा चक्कर येऊन पडला आणि पडल्या पडल्या म्हणाला, "बघितलं? ह्याला म्हणतात उडवणं. नाशकात दुसरा दाखवा."

मग त्यानं काय केलं ते मंडळानं ऐकावं. मूठ माझ्या हातात दिली. "धर, मालू. मनगट सैल. विमानाकडं बघ, लोकांकडं बघू नको." दंडाला असा ओढा बसतो की वाटतं विमानच आपल्याला फिरवतंय. मी चार फेऱ्या काढल्या आणि आपटलं. नाकाचे तुकडे झाले. मी रडवेली झाले, तर हा खेकसला, "रडतेस काय? नाक फुटलं तर दुसरं काढू. साचा कशाला ठेवलाय?" त्यानंतर ज्यानं मागितली त्याला मूठ मिळाली. गायकवाडमामांना, इस्त्रीवाल्याला, वहिनीला. आईनंसुद्धा एकदा पदर खोचून धरली आणि "सोडव रं, सोडव" म्हणत अर्ध्या फेरीत बसकण मारली. किती नाकं फुटली त्याचा हिशोब नाही. दादा शेडमध्ये जाई, रेझिन कालवी. त्यांच्याकडं महागडं विमान होतं आणि ते फुटेल ही भीती होती. आमच्याकडं साचा होता.

मंडळाची जीप नंतरही येत राहिली, कारण तसं नाक दुसरं कुणी काढू शकेना. "शेवटपर्यंत सेवा केली" म्हणे! त्या रविवारनंतर दादानं त्यांना एक कपचीही दिली नाही. हॉर्न वाजला की तो शेडच्या दारातून, साऱ्या कॉलनीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडायचा, "पेटी आणली का? चालू आहे का?" पुढं पुढं लोकच ओरडू लागले. जीप दिसली की खिडक्यांतून, "चालू आहे का?" अट तेवढीच होती. एकदा, चालू पेटी, त्याच्या हातात. शेवटपर्यंत ती त्यांना झेपली नाही, आणि आता कधीच झेपणार नाही. हे त्यांनी लेखात लिहायला हवं होतं.

पुरवणीतला लेख छापून आल्यावर चारदोन दिवसांनी अध्यक्ष माझ्या घरी आले. या खेपेला आत आले, खुर्चीवर बसले, चहासुद्धा घेतला. म्हणाले, मधुकररावांची स्मृती म्हणून तो साचा मंडळाच्या कपाटात ठेवायचा विचार आहे, खाली पितळी पाटी. मी विचारलं, कपाटात ठेवणार की त्यातून नाकं काढणार? ते म्हणाले, "तसं काही नाही, पण उपयोग झाला तर त्यांच्याही आत्म्याला..." मी म्हटलं, "आत्म्याचं राहू द्या. आम्ही तो मानत नाही. साचा मिळेल. दादाची अट तुम्हाला ठाऊक आहे."

"मालतीबाई, अहो, ते तर आता राहिले नाहीत."

"मी आहे. विमान आणा, पेटी आणा, पेटी माझ्या हातात द्या. आणि पुतण्याला घरी ठेवून या."

ते उठले. "जुनं कशाला उकरता?" म्हणाले. मी म्हटलं, उकरलं तुम्ही, मंचावरून. मी फक्त ओळखलं.

गेल्या रविवारी वहिनी आणि मी शेड उघडली. आत रेझिनचा तो वास अजून कोंडलेला होता, नाकात झोंबणारा, गोडसर. खिळ्यावर दोरीच्या विमानाची मूठ, फळीवर ब्रश रोवलेला पेला, आणि बाकावर, फडक्याखाली, साचा. आत नाक. मी आलो की काढतो, म्हणाला होता... मग वहिनीनं साचा पोटाशी धरला आणि मी साच्याचे दोन भाग आवळून धरणाऱ्या पट्ट्या सोडवून तळहाताच्या कडेनं थोपटू लागले, त्यानं शिकवलं होतं तसं, कडेकडेनं, घाई न करता. बराच वेळ काही नाही. मग आतून 'टक्' झालं. वहिनी तेव्हा रडली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. नाक अख्खं बाहेर आलं. लाल, पातळ, ऊन आरपार दिसणारं, एकही कड उचकटलेली नाही. ते कॉलनीच्या विमानाला बसेल. त्याचं नाक इस्त्रीवाल्यानं दिवाळीतच फोडून ठेवलंय.

पण नाक बाजूला ठेवून आधी आम्ही मेणाचा डबा उघडला आणि दोघींनी मिळून साच्याला मेण लावलं. फडक्यानं चमक येईपर्यंत घासलं. पत्र्याच्या फटीतून आलेलं ऊन त्यात पडलं होतं.

साचा तयार आहे. मंडळानं यावं. पेटी चालू करून आणावी.